स्पॅनिश शिकून काय करायलीस माय?

महाराष्ट्रात भाषेवरून वाद पेटला की एक गोष्ट हमखास होते. कोणती भाषा शिकवायची यावर सगळे तावातावाने बोलतात, आणि ती वर्गात शिकवायची कशी यावर कुणीच बोलत नाही. २०२५ चा उन्हाळा आठवा. १६ एप्रिलला शासन निर्णय आला की पहिलीपासून हिंदी अनिवार्य. गदारोळ झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यातला 'अनिवार्य' शब्द गेला आणि दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली. मग २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. या अडीच महिन्यांत टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भरपूर चर्चा ऐकली. सहा-सात वर्षांचं पोर त्या तासाला बसून नेमकं काय करणार, हे मात्र त्या सगळ्या चर्चेत एकदाही ऐकलं नाही.

पहिलीला तिसरी भाषा नकोच, या मताचा मी आहे. पण आज त्याबद्दल लिहायचं नाहीये. विषय आहे आठवी-नववीचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी काही परदेशी भाषांची नावं दिली आहेत: कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. उद्देशही लिहिलाय, की मुलांना जगातल्या संस्कृती कळाव्यात. कागदावर फार छान. आता प्रत्यक्षात बघा. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांमध्ये फ्रेंच, जर्मन, कुठे कुठे स्पॅनिशही सहावीपासून असते. आणि आमच्या कंधारला? आमच्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि हिंदीचे निम्मे मार्क संस्कृतला. परदेशी भाषा म्हणजे 'पुण्याला गेल्यावर बघू'.

हा विषय डोक्यात यायला निमित्त झाली माझी भाची. ताईची मुलगी, कंधारलाच नववीत शिकते. तिला फुटबॉलचं वेड आहे आणि मेस्सी मुलाखतीत काय बोलतो ते खालच्या ओळी न वाचता कळावं एवढीच तिची माफक इच्छा आहे. मामाचं मेक्सिकोच्या टीमबरोबर काम चालतं आणि मामाने पुण्यात शनिवार-रविवारचा स्पॅनिशचा पहिल्या पातळीचा क्लास केलाय हे तिला माहीत आहे, म्हणून फोन मला. मागून आईचा, म्हणजे तिच्या आजीचा, आवाज आलाच: "ते शिकून काय करायलीस माय? आधी गणित बघ."

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कंधारमधल्या शंभरातल्या नव्वद घरांत हाच प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

पहिला आक्षेप असतो ओझ्याचा. आधीच तीन भाषा, त्यात चौथी कशाला? पण मला सांगा, कंधारच्या आठवडी बाजारात एक चक्कर मारली तर किती भाषा कानावर पडतात? मराठी तर आहेच, तीही तीन तऱ्हांची. 'मेरेकु होना' म्हणणारी दखनी आहे. तांड्यावरून आलेल्या बायकांची गोरमाटी आहे. देगलूर-बिलोलीकडचा व्यापारी असेल तर तेलुगू, उदगीरकडचा असेल तर कानडी. आणि बाजारातलं दहा वर्षांचं पोर या सगळ्यांशी भाव करतं, कुणाला कोणत्या भाषेत हाक मारायची हे त्याला बरोबर ठाऊक असतं. त्याला कुणी 'बहुभाषिक' म्हणत नाही, कारण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरचा हिशेब मराठीत, सरकारी कागद उर्दूत. म्हातारपणीही एखादा जुना फेरफार कुणी आणला तर ते चष्मा पुसून खडाखडा वाचायचे. पण त्या उर्दूबद्दल त्यांच्या मनात दोन भावना होत्या. भाषेवर प्रेम होतं, सक्तीचा राग होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात अनेक गाऱ्हाणी होती, त्यात आपल्या भाषेत शिकता येत नाही हेही एक मोठं गाऱ्हाणं होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठी शाळा भराभर निघाल्या त्या काही उगाच नाही. म्हणजे आमच्या भागाला दोन्ही गोष्टी अनुभवाने माहीत आहेत: भाषा अनेक असल्या तरी जड होत नाहीत, आणि लादलेली एकसुद्धा जड होते.

मग मुलांना भाषा जड का जाते? माझं सरळ मत आहे: परीक्षेमुळे. आपल्याकडे भाषेचा एकच उपयोग उरलाय, टक्केवारी वाढवणं. संस्कृत का घेतलं? स्कोअरिंग आहे. अकरावीला जर्मन का घेतलं? स्कोअरिंग आहे. आणि आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात तर बारावी सायन्सला दुसरी भाषा सोडून आयटी विषय घेण्याची सोय आहे, तेही स्कोअरिंगच. लातूर पॅटर्नने हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, मीही त्याच पाण्यातला मासा, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या हिशेबात भाषेला जागा नव्हती हेही खरं. बारावीला जर्मनमध्ये नव्वदच्या वर मार्क मिळवलेले आणि आज जर्मन क्लायंटपुढे 'गुटेन मॉर्गन'च्या पुढे न जाणारे इंजिनिअर तुमच्याही टीममध्ये असतील. शोधा, सापडतील.

अजून एक उदाहरण देतो. केंद्रीय विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर असताना, ती बंद करून संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा घ्या असं सांगण्यात आलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. वाद संस्कृत विरुद्ध जर्मन असा रंगला. वर्गातल्या मुलांची चिंता वेगळीच होती, आता या नव्या विषयाच्या मार्कांचं काय? भाषेला आपण काय करून ठेवलंय ते या एका प्रश्नात दिसतं.

आता दुसरा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिकवायचीच असेल तर परदेशी भाषा इंग्रजीतून शिकवू नका, मराठीतून शिकवा. हे मी मराठीच्या अभिमानातून म्हणत नाहीये. निव्वळ सोय म्हणून म्हणतोय.

माझ्या क्लासमध्ये दुसऱ्या महिन्यात एक धडा आला, 'आवडणे' या क्रियापदाचा. स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मे गुस्ता एल मांगो'. पुस्तक इंग्रजी माणसासाठी लिहिलेलं. त्यात दीड पान समजावणी: स्पॅनिशमध्ये 'मी आंबा आवडतो' असं म्हणत नाहीत, आंबा हा कर्ता आहे, माणसाकडे ती आवड येते, घाबरू नका, सवय होईल... वर्गात सगळे माना डोलावत होते. माझ्या डोक्यात एकच, अरे हे तर 'मला आंबा आवडतो'! मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजी माणसाला जे दीड पान लागतं ते कंधारच्या नववीतल्या पोरीला अर्ध्या ओळीत कळतं. अट एकच, मध्ये इंग्रजीचा टोलनाका नको.

असे किती दाखले द्यावेत! स्पॅनिशमध्ये कर्ता गाळला तरी चालतं, आपण नाही का नुसतं 'येतो हं' म्हणून निघत? नामाला लिंग असतं म्हणून इंग्रजीवाले रडकुंडीला येतात. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे आपल्याला सवलत. स्पेलिंग बहुतेक उच्चाराप्रमाणे. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून, म्हणून 'टोमॅटो' नव्हे तर चक्क 'तोमाते'. त्यांचा एक वेगळा न आहे, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला. तो म्हणजे वर्णमालेत आपण घोकला आणि पुन्हा कधी वापरला नाही तो बिचारा ञ! आणि 'जे' या अक्षराचा त्यांचा घशातला उच्चार ज्याला जमत नाही त्याने वर्गातल्या दखनी बोलणाऱ्या मित्राला 'ख़ाला' म्हणायला सांगावं. काम झालं.

तू आणि तुम्ही हाही प्रकार इंग्रजीतून समजावता समजावता शिक्षक घामाघूम होतात. स्पॅनिशमध्ये 'तू' हा शब्दसुद्धा 'तू'च आहे. आदरार्थी शब्द 'उस्तेद'. त्याचं मूळ 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनात आहे, म्हणून समोरच्या माणसाशी बोलताना क्रियापद मात्र 'तो' किंवा 'ती'चं येतं. विचित्र वाटतं? दारात आलेल्या पाहुण्याला आपली आजी त्याच्या तोंडावरच 'पाव्हणं जेवतील ना?' असं विचारते की नाही? बस्स, तेच. कोलंबियातल्या काही भागांत घरच्या माणसालाही उस्तेद म्हणतात. आपण आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' का म्हणतो, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो हे वाचल्यावर.

आणि इथे गाडी व्याकरणावरून संस्कृतीवर येते. शाळेत 'परदेशी संस्कृती' शिकवतात ती बहुधा एका तक्त्यावर मावते. मेक्सिको म्हणजे मोठी टोपी, टाको आणि मिशा. स्पेन म्हणजे बैल आणि फ्लॅमेन्को. उद्या मेक्सिकोतल्या शाळेत महाराष्ट्र म्हणजे फेटा, पुरणपोळी आणि लेझीम एवढंच शिकवलं तर आपल्याला कसं वाटेल? खोटं काही नाही त्यात, पण आपण त्यात कुठे आहोत?

माझ्या कामातला एक किस्सा सांगतो. एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांच्या याद्या जुळवायच्या होत्या, मेक्सिकोतल्या. मूळ सिस्टिम कुणीतरी फार पूर्वी बनवलेली, त्यात आडनावाला एकच रकाना, आणि नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलेलं. झालं! बाप आणि मुलगा एका घरातले असूनही जुळेनात. कारण तिकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गाब्रिएल गार्सिया मार्केस या थोर लेखकाचं वडिलांकडचं आडनाव गार्सिया, मार्केस हे आईकडचं. चित्रकार पाब्लो पिकासोचं वडिलांकडचं आडनाव रुईस होतं, पिकासो आईचं. सिस्टिम प्रत्येकाला आईच्या आडनावाने ओळखत होती आणि मुलाची आई म्हणजे बापाची बायको, तिचं आडनाव वेगळं. आमचे दोन आठवडे त्यात गेले. हे कुणाला शाळेत पहिल्या महिन्यात कळलं असतं, कारण 'तुझं पूर्ण नाव काय' हा कुठल्याही भाषेचा पहिला धडा असतो.

आता हाच धडा नववीच्या वर्गात कसा रंगेल बघा. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला. तिकडे आईचं आडनाव पूर्वीपासून चालत आलंय, इकडे आईचं नाव आत्ता आलं. का? तिकडची बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, मग इकडची का बदलते? नववीतल्या मुलींना यावर बोलायला लावा आणि मग बघा तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येते का. संस्कृतीचा अभ्यास मी याला म्हणेन. दुसऱ्याच्या घरात डोकावताना आपल्या घराकडे नव्याने बघणं. टोपी आणि टाको नंतर आले तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, स्पेन कुठे, मेक्सिको कुठे आणि कंधार कुठे! तर ऐका. स्पेनच्या मोठ्या भागावर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. ७११ साली ते आले आणि त्यांचं शेवटचं राज्य १४९२ मध्ये गेलं. त्यामुळे स्पॅनिशमध्ये हजारो अरबी शब्द आहेत. गावच्या महापौराला 'अल्काल्दे' म्हणतात, तो म्हणजे आपला काजी. जकात खातं 'आदुआना', ते म्हणजे आपलं दिवाण. स्पेनमधल्या अल्काला नावाच्या गावांच्या नावात किल्ला लपलाय. 'देव करो आणि तसं होवो' या अर्थी ते 'ओखाला' म्हणतात, त्यातला शेवटचा भाग म्हणजे अल्ला. आमच्या कंधारच्या किल्ल्यावर फारसी शिलालेख आहेत. त्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाला काजी, दिवाण आणि किल्ला हे तिन्ही शब्द पाठ असतात. त्याला कुणी सांगितलंय का की हेच शब्द समुद्रापलीकडे दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेत?

आणि ताटात बघा. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा, मका, पपई, पेरू, अगदी बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळसुद्धा, ही सगळी मुळात अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर जगभर पसरलेली. आमच्याकडचा शेंगदाण्याचा ठेचा मेक्सिकोच्या मिरचीशिवाय झालाच नसता. बटाटा, पाव, पगार, चावी, घमेलं हे शब्द पोर्तुगीज, म्हणजे स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून आलेले. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. महिन्याच्या एक तारखेला आपण सगळेच थोडी थोडी स्पॅनिश बोलतो!

असो. आता नोकरीचा मुद्दा, कारण आईचा प्रश्न शेवटी तिथेच जातो. स्पॅनिश ही जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे, वीसेक देशांची राजभाषा आहे. आपल्या आयटी कंपन्यांची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत ऑफिसं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल तरुण तिकडे पाठवायचे म्हणून, आणि त्यासाठी जर्मन शिकवणं आलंच. तेव्हा भाषेचा नोकरीशी संबंध आहे, नाही असं नाही. पण मी भाचीला 'स्पॅनिश शीक, नोकरी लागेल' असं सांगणार नाही. दोन वर्षं आठवड्याला दोन तास शिकून नोकरी लागत नाही. त्यातून एवढंच होतं की आपलं नाव-गाव सांगता येतं, साधी चौकशी करता येते, आणि नव्या भाषेची भीती मोडते. पंचविसाव्या वर्षी व्हिसासाठी घाईघाईने भाषा शिकणाऱ्याला विचारा, ती भीती आधीच मोडलेली असणं म्हणजे काय चीज आहे.

'गणिताला शिक्षक नाही तिथे स्पॅनिशला कुठून आणायचा?' हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. गणिताचा शिक्षक आधी. त्यात तडजोड नाही. पण वाट अगदीच बंद आहे असंही नाही, आणि याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडिवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण काय तर रोबो! शाळेकडे ना पुस्तक ना शिक्षक. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांच्या जोरावर सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, एका जाणकाराने फुकट ऑनलाईन तास घेतले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता ती मुलं शिकून बाकीच्यांना शिकवायची, 'विषयमित्र' म्हणून. नीट बघा या गोष्टीत काय काय आहे: मुलांना विचारलं, मुलांनी निवडलं, आणि एकाने दुसऱ्याला शिकवलं. सक्तीचा शासन निर्णय कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आठवी-नववीत, ज्यांना हवं त्यांना, आठवड्याला दोन तास परदेशी भाषा. मार्क नाहीत, टक्केवारीत धरायचं नाही, फक्त हजेरी आणि शेवटी पाच मिनिटं बोलून दाखवायचं. तालुक्याला एक ऑनलाईन शिक्षक पुरे, शाळांमध्ये स्क्रीन बऱ्याच ठिकाणी धूळ खात पडल्यात. आणि मराठीतून लिहिलेली एक पातळशी पुस्तिका, 'मला आंबा आवडतो' पासून सुरू होणारी. ही पुस्तिका सरकारनेच काढावी असंही नाही. या भाषा शिकलेले आणि मराठी घरात वाढलेले माझ्यासारखे शेकडो लोक पुण्या-बंगळुरात बसलेत. शनिवारी सकाळी एक तास दिला तर काही बिघडत नाही, तसंही आपण तो मोबाईल बघण्यातच घालवतो.

सध्या दर शनिवारी दहा वाजता मी भाचीला शिकवतो. तिने दोन मैत्रिणी जमवल्यात, त्यातली एक तांड्यावरची आहे आणि उच्चार तिचेच सगळ्यात चांगले आहेत. आईने अजून आपलं मत बदललेलं नाही, गणिताची वही ती आधी तपासते. तेही बरोबरच आहे.

तुमच्या गावाकडच्या शाळेत अशी दोन-तीन पोरं असतीलच. त्यांना एकदा विचारून तर बघा, कोणती भाषा शिकायला आवडेल?